पंचनामा आणि कैफियत

नागपुरात झिरो माइलच्या स्तंभाजवळ गोवारी शहीदांचे स्मारक आहे, आणि सीताबर्डीवरून जाणाऱ्या उड्डाणपुलालाही त्यांचेच नाव दिलेले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा या मागणीसाठी विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेला गोवारी समाजाचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या परिसरात अडविला गेला, पोलिसांनी लाठी चालविली, आणि त्यानंतर जी पळापळ झाली तीत ११४ माणसे चिरडून मरण पावली. त्यांत स्त्रिया आणि मुले यांचाच भरणा अधिक होता. पुढे न्यायमूर्तींचा चौकशी आयोग बसला, मागणीचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, २०१८ मध्ये तेथे गोवारींच्या बाजूने निकाल लागला, आणि २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. या सर्वांचे कागद आहेत. परंतु त्या गर्दीत ज्या मुलाच्या हातातून आईचा हात सुटला आणि जे मूल जिवंत घरी परतले, ते आज चाळिशीच्या आसपास आले असेल, आणि त्याच्या मनाचे या तीस वर्षांत काय झाले हे विचारणारा रकाना आपल्या कोणत्याही नमुन्यात छापलेला नसतो.

दुर्घटना घडली की आपल्या राज्यकारभारात प्रथम पंचनामा होतो. मयत किती, जखमी किती, घरे पूर्णतः पडली किती व अंशतः किती, गुरे किती वाहून गेली, पिकाखालील किती क्षेत्र खरडून गेले, हे सर्व तलाठ्याच्या हाताने आणि पंचांच्या सहीने कागदावर उतरते, आणि त्या कागदावाचून कोणालाही एक रुपया मिळत नाही, म्हणून त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु आपल्याच जुन्या दप्तरांत आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे कैफियत. अरबीतील ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’. काय झाले आणि किती झाले यापलीकडे जाऊन, ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याने आपली अवस्था कशी आहे हे आपल्या तोंडाने सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते अथपासून इतिपर्यंत ऐकून घ्यावे, ही त्या शब्दातील मूळ कल्पना. मानसिक आघात, त्याचे दीर्घकालीन परिणाम आणि त्यावरील उपचार यांविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे संशोधन झाले त्याचा आढावा घेऊ लागले असता माझी अशी खात्री होत गेली आहे की, त्या विपुल आणि पुष्कळदा परस्परविरोधी वाङ्मयाचा निष्कर्ष अखेर एवढाच आहे: पंचनामा झाला आणि कैफियत राहिली, तर जखम भरत नाही.

आगगाडीपासून रणांगणापर्यंत

या शास्त्राचा जन्मच मुळी नुकसानभरपाईच्या वादातून झाला. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ मध्ये सुरू झाले आणि १८६७ मध्ये या शहरात आगगाडी पोचली. या दोन सालांच्या मध्ये, १८६६ मध्ये, लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतून बचावलेल्या माणसांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अंगावर जखम दिसत नसताना या माणसांना झोप का येत नाही, त्यांचे हात का कापतात, त्यांची स्मृती का ढळते, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि कण्याला बसलेला सूक्ष्म धक्का हे त्यांनी त्याचे उत्तर दिले. रेल्वे कंपन्यांचे वकील याला ढोंग म्हणत, वादीचे वकील याला दुखापत म्हणत, आणि न्यायाधीशाला दोहोंतून निवड करावी लागे. दिसत नसलेली जखम खरी मानावी की नाही, हा त्या वेळी उपस्थित झालेला प्रश्न पुढे प्रत्येक पिढीत नव्या वेषात परत आलेला आहे.

पॅरिसमध्ये शार्को आणि त्यांचे शिष्य पिएर जाने यांनी त्याचे उत्तर कण्यात न शोधता मनात शोधले. असह्य अनुभव मनाच्या अखंड प्रवाहात मिसळून जात नाही, तो अलग पडून राहतो आणि जाणिवेच्या नकळत माणसाकडून कृती करवितो, हे जाने यांनी १८८९ मध्ये मांडलेले तत्त्व आजही या शास्त्राच्या पायाशी आहे. पहिल्या महायुद्धात हा प्रश्न सहस्रावधी सैनिकांच्या रूपाने समोर उभा राहिला. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ हे नाव वैद्यकीय वाङ्मयात आणले, आणि एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी सैनिकांना विसरण्याचा उपदेश न करता आठवण्यास आणि बोलण्यास प्रवृत्त केले. हेच रिव्हर्स विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्या चालीरीतींचा अभ्यास करून गेले होते. अपरिचित माणसाची हकीकत धीराने ऐकण्याची सवय त्यांना तेथेच लागली असेल, असे मानण्याचा मोह मला होतो. परंतु रिव्हर्स एखादाच असतो. त्याच युद्धात पळपुटेपणा, भ्याडपणा व तत्सम आरोपांखाली ज्यांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांपैकी ३०६ ब्रिटिश व साम्राज्यातील सैनिकांना त्यांच्या सरकारने २००६ मध्ये मरणोत्तर क्षमा केली, आणि त्यांत ज्यांचे मन आधीच मोडले होते असे कित्येक होते. कैफियत ऐकण्यास नव्वद वर्षे लागली.

व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेले सैनिक आणि त्याच काळात बलात्काराविषयी उघड बोलू लागलेल्या स्त्रिया, या दोन चळवळींच्या रेट्यामुळे अमेरिकेतील मानसोपचार संघाने १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकृतीला आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की, एकदाच कोसळलेल्या प्रसंगाहून वर्षानुवर्षे, आणि विशेषतः ज्याच्यापासून सुटका नाही अशा माणसाच्या हातून, होत राहिलेल्या छळाचा परिणाम वेगळा असतो. हा भेद जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात ‘जटिल’ विकृती म्हणून अधिकृतपणे दाखल झाला. घरातल्या घरात मार खाणारी सून, किंवा नातेवाइकाच्या अत्याचाराविषयी वीस वर्षे मूक राहिलेली मुलगी यांची गणना कोठे करावी, हा प्रश्न तेव्हा कोठे मार्गी लागला.

धसका म्हणजे काय

मराठीला मात्र ही अवस्था नवी नाही. धसका बसणे, हाय खाणे, धास्ती घेणे, हबकणे, काळजात धस्स होणे, हे सर्व शब्द शास्त्राच्या पूर्वीचे आहेत, आणि त्यांतही ‘धसका’ हा शब्द फार अर्थपूर्ण आहे, कारण तो प्रसंगाचे नाव नसून प्रसंग संपल्यावर आत बसून राहिलेल्या वस्तूचे नाव आहे. तिचे स्वरूप संशोधकांनी चार अंगांनी वर्णिले आहे. प्रसंग नको असता पुन्हा पुन्हा अंगावर येतो, दिवसा दृश्यरूपाने आणि रात्री स्वप्नरूपाने; त्याची आठवण करून देणारी वाट, माणूस, वास आणि आवाज टाळण्यात आयुष्य आखडत जाते; स्वतःविषयी आणि जगाविषयी अपराधाची, लाजेची किंवा पूर्ण अविश्वासाची भावना घर करते; आणि शरीर सतत पहाऱ्यावर राहते, दार आपटले तरी दचकते, अंथरुणावरही सैल होत नाही. विदर्भातील दवाखान्यांत हे गाऱ्हाणे बहुधा अंगाच्या भाषेत येते. ‘जीव घाबरा होते’, ‘डोकं जड राहते’, ‘झोप लागत नाही’ एवढेच रोगी सांगतो, आणि डॉक्टरने ‘केव्हापासून?’ हा एक प्रश्न विचारून उत्तरासाठी थोडे थांबण्याची तसदी घेतली नाही, तर जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन तो परत जातो.

सामान्य स्मृती आणि आघाताची स्मृती यांतील मुख्य भेद काळाचा आहे. नित्याच्या अनुभवाला मन स्थळ आणि काळ यांची मुद्रा मारून मागे ठेवते. ते काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस नामक भागाकडे असते, तर धोक्याची सूचना देण्याचे काम अमिग्डाला नामक बदामाएवढ्या भागाकडे असते. आत्यंतिक भीतीच्या क्षणी दुसऱ्याचा गजर इतका मोठा होतो की पहिल्याची मुद्रा नीट उमटत नाही, असे आजवरच्या संशोधनावरून दिसते, आणि म्हणून ती आठवण घडून गेलेल्या गोष्टीसारखी न येता घडत असलेल्या गोष्टीसारखी येते. आपल्या भाषेत सरलेल्या काळाला आणि माणसाला झपाटणाऱ्या पिशाचाला ‘भूत’ हा एकच शब्द आहे. जो भूतकाळ भूतकाळ होऊ शकला नाही तो भूत होऊन परत येतो, हे आपल्या पूर्वजांनी कदाचित प्रयोगशाळेवाचूनच जाणले असावे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. १९९० नंतरच्या दशकात आघातग्रस्त सैनिकांचा हिप्पोकॅम्पस आकाराने लहान आढळला, तेव्हा आघाताने तो आकसला असा निष्कर्ष घाईने काढण्यात आला. परंतु २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुळ्या भावांच्या एका अभ्यासाने त्याला मुरड घातली. युद्धावर न गेलेल्या, घरीच राहिलेल्या जुळ्या भावाचाही तो भाग तितकाच लहान निघाला. म्हणजे तो आघाताचा परिणाम नसून, निदान काही अंशी, आघात खोलवर रुजण्याची पूर्वतयारी होती. मेंदूचे रंगीत चित्र दाखवून सर्व सिद्ध झाले असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सर्वांनाच का होत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २० हून अधिक देशांत झालेल्या पाहण्यांत असे आढळले की, दर १०० प्रौढांपैकी सुमारे ७० जणांच्या आयुष्यात एखादा तरी गंभीर आघातकारक प्रसंग येतो, परंतु अशा प्रसंगातून गेलेल्यांपैकी आघातोत्तर विकृती जडते ती १०० पैकी ६ जणांच्या आतबाहेर. प्रसंगानुसार हे प्रमाण फार बदलते. पूर, वादळ, अपघात यांच्यानंतर ते कमी असते, तर बलात्कारासारख्या, माणसाने माणसावर हेतुपूर्वक केलेल्या अत्याचारानंतर ते कितीतरी वाढते. अमेरिकेत बलात्कारपीडित स्त्रियांच्या एका अभ्यासात, घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आत ९४ टक्के स्त्रियांमध्ये विकृतीची लक्षणे होती, तीन महिन्यांनी ती ४७ टक्क्यांत उरली. या दोन आकड्यांत आशा आणि कर्तव्य दोन्ही साठवलेली आहेत, कारण आरंभीची तडफड हा रोग नव्हे, मनाच्या बरे होण्याचीच ती धडपड असते, आणि जवळजवळ अर्ध्या जणी आपापल्या बळाने सावरतात. उरलेल्या अर्ध्या मात्र मदतीवाचून तेथेच अडकून पडतात.

कोण सावरतो आणि कोण अडकतो? ख्रिस ब्रुइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून याचे जे उत्तर दिले ते मला या संपूर्ण विषयाचे मर्म वाटते. वय, शिक्षण, पूर्वीचा आजार यांचा परिणाम असतो, परंतु तो बेताचा; त्याहून प्रबळ परिणाम आघाताच्या नंतरच्या परिस्थितीचा, म्हणजे आधार देणारी माणसे मिळाली की नाहीत आणि पुढील आयुष्यात ताणावर ताण वाढत गेला की नाही, या दोन गोष्टींचा आढळला. प्रसंग कोणाच्या हाती नसतो. प्रसंगानंतरचे वर्ष पुष्कळ अंशी समाजाच्या आणि सरकारच्या हाती असते. मोवाडचा महापूर आठवावा. ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातील या गावात वर्धा नदी शिरली आणि २०० हून अधिक माणसे गेली. नदीचे पाणी उतरण्यास फार काळ लागला नाही. त्यानंतर घर कोठे मिळते, शेजारी कोण राहते, कोण येऊन पायरीवर बसते आणि कोण मानभावीपणे वाट बदलते, यांवर उरलेल्यांची मने सावरणे अवलंबून होते.

पिढ्यांचा वारसा

आघात देहात किती खोल उतरतो याचा एक मोठा पुरावा कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील अभ्यासातून १९९८ मध्ये पुढे आला. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणातील मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन वा हिंसा यांविषयी विचारले. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका इतरांच्या चार ते बारा पट आढळला, आणि हृदयविकारासारख्या शारीरिक रोगांचे प्रमाणही चढते होते.

हा वारसा रक्तातून पुढच्या पिढीत उतरतो काय? नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांवर रेचल यहूदा यांनी केलेले काम यासंदर्भात वारंवार सांगितले जाते. त्यांनी २०१६ मध्ये ताणाशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणांत आईबाप आणि मुले या दोन्ही पिढ्यांत बदल दाखविले. परंतु तपासलेल्यांची संख्या थोडकी होती, आणि त्या खुणा गर्भातून आल्या की घरातील वातावरणातून, हे त्यावरून ठरत नाही. घरातून काय उतरते हे पाहण्यास मात्र प्रयोगशाळा लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे नागपूरच्या जरीपटक्यात वसली, त्यांनी दुकाने उभारली, शाळा काढल्या. फाळणीने विस्थापित झालेल्या घरांत मागे काय सोडले याविषयी पाळले गेलेले मौन देशभर परिचित आहे, आणि संजीव जैन व आलोक सरीन यांनी २०१८ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात हे खेदाने नमूद केले आहे की, एवढ्या प्रचंड उत्पाताविषयी त्या काळच्या भारतीय मानसोपचाराच्या वाङ्मयातही जवळपास शांतताच आहे.

आणि जो आघात एका दिवसाचा नसून जन्माबरोबरच येतो, त्याचे काय? अस्पृश्यतेचा अपमान हा प्रसंग नव्हता, ती व्यवस्था होती. आणि भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली तेव्हा ती व्यवस्था संपली नसल्याचे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या घटनेला उपचार म्हणणे हा तिचा संकोच होईल. परंतु पीडिताने आपल्यावरील कलंकाचा अर्थ नाकारून आपली कथा नव्याने, समूहाच्या साक्षीने सांगणे हे जे तत्त्व आजचे शास्त्र बरे होण्याच्या मुळाशी मानते, त्याचे याहून विशाल दर्शन जगाच्या इतिहासात विरळाच होईल.

भोपाळ, किल्लारी, विदर्भ

आपल्या देशात आपत्तीनंतरच्या मनाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो भोपाळपासून. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री वायुगळती झाली. काही आठवड्यांनी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या आश्रयाने जे मानसोपचारतज्ज्ञ तेथील सरकारी दवाखान्यांत बसले, त्यांना तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे २२ टक्के लोकांत निदान करता येण्याजोगी मानसिक विकृती आढळली. याहून महत्त्वाचे म्हणजे, मूठभर तज्ज्ञांनी एवढे काम निभणार नाही हे ओळखून तेथील साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच या कामाचे प्रशिक्षण देण्यात आले. डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी तयार केलेली पुस्तिका पुढील आपत्तींतही उपयोगी पडली.

महाराष्ट्रावर ती पाळी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आली. गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती, चार वाजण्यास काही मिनिटे उणी असताना किल्लारीच्या परिसरात, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत, धरणी हादरली, आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद खाली आले. सुमारे ८,००० माणसे गेली आणि ५२ गावे नव्या जागी हलवावी लागली. ज्या छपराने पिढ्यान्‌पिढ्या ऊनपाऊस अडविला तेच छप्पर मारक ठरले, म्हणून वाचलेले लोक कित्येक रात्री उघड्यावर निजत. प्रताप शरण, शेखर सक्सेना व सहकाऱ्यांनी ४२ जणांची तपासणी करून १९९६ मध्ये जो प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला त्यात निम्म्याहून अधिकांना मानसिक विकृती असल्याचे, आणि तीत आघातोत्तर विकृती व नैराश्य मुख्य असल्याचे दिसले. ४२ हा आकडा लहान आहे, परंतु पडलेल्या घरांच्या यादीबाहेरही एक यादी असते, हे त्याने मराठी मुलखापुरते प्रथम सिद्ध केले.

विदर्भाची आपत्ती मात्र भूकंपासारखी एका पहाटे येत नाही. कपाशीच्या पट्ट्यात शेतकऱ्याने जीवन संपविले की तहसील कार्यालयात प्रकरण दाखल होते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज बँकेचे की सावकाराचे, परतफेडीचा तगादा होता की नव्हता, या कसोट्यांवर ते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते, आणि पात्र ठरल्यास वारसाला एक लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळते. ते मिळालेच पाहिजे. परंतु ‘अपात्र’ हा शब्द ज्या विधवेच्या कानी पडतो तिच्या दृष्टीने तो पतीच्या मरणावर आणि तिच्या दुःखावर मारलेला शिक्का असतो, आणि ब्रुइन यांच्या विश्लेषणाची भाषा वापरायची तर आघातानंतरच्या ताणात ती सरकारी भर असते.

याच प्रदेशात उलट दिशेचा एक प्रयोगही झाला, आणि त्याचा अभिमान बाळगण्यास जागा आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविला गेला. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेच्या सहभागाने गावांतीलच माणसांना नैराश्य ओळखण्याचे, धीर देण्याचे आणि गरज पडल्यास पुढे पाठविण्याचे शिक्षण देण्यात आले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’च्या मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. राज्य सरकारने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्तींच्या मार्फत सुरू केलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प याच वाटेवरचा होता. कैफियत ऐकणारा मनुष्य पदवीधर तज्ज्ञच असला पाहिजे असे नाही. तो शिकविलेला, देखरेखीखाली काम करणारा आणि परत येणारा असला पाहिजे.

उपचार: काय ठरले, काय फसले

उपचारांच्या बाबतीत गेल्या चाळीस वर्षांतील प्रगती खरोखर दिलासा देणारी आहे. एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण सुरक्षित खोलीत बसून तो प्रसंग वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगतो, आणि टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने परत जातो. भीतीची लाट चढते, शिखर गाठते आणि ओसरते, हे शरीराला अनुभवाने कळले की गजर मंदावतो. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत भर असतो तो आघातानंतर मनाने स्वतःवर लादलेल्या निवाड्यांवर. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० अर्भके दगावली. अशा दुर्घटनेनंतर आईच्या मनात ‘मी त्याला तेथे ठेवलेच का’ हे वाक्य कायमचे बसण्याचा धोका असतो, आणि त्या वाक्यातील दुःख खरे असले तरी त्यातील आरोप खोटा आहे, हे तिला तिच्याच विचाराने दिसू लागावे, यासाठी उपचारक तिच्याबरोबर बसतो. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेली, डोळ्यांच्या हालचालींबरोबर स्मृती जागविण्याची पद्धतही परिणामकारक ठरली आहे. मात्र त्यात डोळ्यांच्या हालचालींचा वाटा किती आणि सांगण्याचा किती, याविषयी वाद मिटलेला नाही.

औषधांपैकी सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीन यांचा उपयोग मध्यम प्रमाणात होतो. झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या, ज्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात, त्या दीर्घकाळ घेणे अहितकारक असून त्यांची शिफारस केली जात नाही. एक लोकप्रिय उपाय तर सपशेल फसला. दुर्घटना घडताच सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सर्व काही बोलून टाकण्यास लावण्याची प्रथा गतशतकाच्या शेवटी जगभर पसरली होती. परीक्षणांती तिने आजार टळत नाही, उलट काहींना अपायच होतो, असे आढळले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली तिचे सूत्र साधे ठेवले: पाहा, ऐका, जोडून द्या. पाणी, निवारा, नातेवाइकांचा ठावठिकाणा प्रथम. बोलण्याची सक्ती नाही, बोलावेसे वाटले तर कान तयार. कैफियत घेणे आणि जबानी घेणे यांतील फरक हाच आहे, कारण जबानीला वेळ ठरविणारा अधिकारी असतो, आणि कैफियतीची वेळ सांगणाऱ्याने ठरवायची असते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून आढावा पूर्ण होणार नाही. डेरेक समरफील्ड यांच्यासारख्या टीकाकारांचे म्हणणे असे की, युद्धाने, दारिद्र्याने आणि अन्यायाने झालेल्या दुःखाला रोगाचे नाव दिले की न्यायाची मागणी गोळीच्या पाकिटात बंद होते. विदर्भापुरते बोलायचे तर कापसाच्या भावाचा प्रश्न समुपदेशनाने सुटत नाही, हे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. परंतु भाव मिळेपर्यंत त्या घरातील मुलगी झोपेतून किंचाळत उठते, तिची रात्र वाट पाहू शकत नाही. आपल्याकडे तेरवीपर्यंत शेजारपाजार घर सोडत नाही, भजनीमंडळ येते, सोयरे स्वयंपाक आणतात. ही योजना ब्रुइन यांच्या निष्कर्षाहून फार जुनी आणि त्याच्याशी पूर्ण सुसंगत आहे. चौदाव्या दिवशी मात्र दार लागते, आणि धसक्याचा खरा काळ तेथून सुरू होतो. न्याय आणि शुश्रूषा यांत निवड करावयाची नसून, तेरवीनंतरच्या त्या रिकाम्या काळात दोन्ही पोचवावयाची आहेत.

तजवीज

कायद्याने पुष्कळ केले आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी जी योजना आणली तिला ‘मनोधैर्य’ हे नाव दिले, म्हणजे भरपाईचा संबंध मनाशी आहे हे सरकारनेच मान्य केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या शुश्रूषेचे दायित्व सरकारवर टाकले. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आजही उभे आहे. मात्र शहराच्या बोलीत तेथील चौक ‘पागलखाना चौक’च राहिला आहे, आणि ऑटोवाल्याला ते नाव सांगावे लागेल या लाजेने किती माणसे घरीच राहत असतील, याचा विचार आपण नागरिकांनी करावयाचा आहे.

उणीव आहे ती पंचनामा आणि ही मदत या दोन टोकांना जोडणाऱ्या कागदाची. पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: घरात कोण वाचले, आणि त्यांच्याकडे पुन्हा केव्हा जावयाचे. घटनेनंतर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षश्राद्धाच्या आसपास आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेविका त्या दारी जावी. झोप कशी आहे, मुले शाळेत जातात काय, घरातील कोणी त्या वाटेने जाण्याचे टाळते काय, एवढे तिने विचारावे. आणि जो अडकला असेल त्याला तालुक्याच्या ठिकाणी शिकविलेला माणूस आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञ भेटावा. यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. भोपाळने आणि अमरावतीच्या ३० गावांनी ते कसे करावे हे दाखवून ठेवलेले आहे.

दरवर्षी २३ नोव्हेंबरला गोवारी बांधव स्मारकापाशी येतात, फुले वाहतात, आणि परतीची गाडी धरतात. येत्या वर्षी त्या स्मारकाच्या बाजूला, सावलीत, दोन खुर्च्या मांडलेल्या असाव्यात, आणि एका खुर्चीवर ऐकण्यास शिकलेला माणूस दिवसभर बसलेला असावा. दुसऱ्या खुर्चीवर कोणी येईल की नाही हे सांगता येणार नाही. परंतु तीस वर्षांनी का होईना, आपली कैफियत घेण्यास या शहराने खुर्ची ठेवली आहे, एवढे तरी आईचा हात सुटलेल्या त्या मुलाला दुरून दिसेल.